व्हेगन माणसाने मांजराला मांस खाऊ घातलं तर ते ढोंग ठरतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही व्हेगन आहात, गाडीखाली सापडलेलं पिल्लू घरी आणलंय आणि आता त्याला मांस खाऊ घालायचं की व्हेगन फूडवर ठेवायचं हे कळत नाहीये. मी नऊ वर्षं व्हेगन आहे, म्हणजे मांस, दूध, अंडी असं प्राण्यांकडून मिळणारं काहीच घेत नाही, आणि माझा बोकाही असाच घरी आलेला, म्हणून लिहिते.

मी त्याला मांस असलेलंच फूड देते. डबा उघडताना अजूनही श्वास रोखून धरते, चमचा वेगळा ठेवलाय, आणि ते वाईट वाटणं कमी व्हावं असं मला वाटतही नाही.

आधी मी वेगळं केलं होतं. तो दीड वर्षाचा असताना त्याला व्हेगन ड्राय फूडवर नेलं, पाकिटावर संपूर्ण आहार असं लिहिलेलं होतं, दोनेक महिने तो खेळत होता, खात होता, मला वाटलं जमलं. मग एका संध्याकाळी तो सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. पाठ वाकवून बसायचा, जोर करायचा, दोन-तीन थेंब, त्यातला एक लालसर, आणि घशातून एक खोल आवाज जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं शी होत नसेल, त्यात चार तास गेले. व्हेटने पोटाला हात लावल्या लावल्या सांगितलं की लघवी तुंबलीये, ब्लॅडर दगडासारखं घट्ट झालंय. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालून रात्रभर ठेवलं. मांसाहाराने मांजराची लघवी आम्लधर्मी राहते, वनस्पतींच्या खाण्याने ती अल्कधर्मी होऊ शकते, मग त्यात स्ट्रुवाइट नावाच्या क्षाराचे खडे धरतात आणि बोक्याची मूत्रनळी अरुंद असल्याने तिथेच अडकतात. पूर्ण तुंबलं तर एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. मांस खाणाऱ्या बोक्यांनाही हे होतं, पाणी कमी पिणं हेही कारण असतं, त्यामुळे सगळा दोष फूडचाच होता असं मी म्हणत नाही, पण धोका मी वाढवला होता आणि त्याला न विचारता वाढवला होता.

व्हेगन ग्रुप्समध्ये लोक म्हणतात टॉरिन घातलं की प्रश्न मिटला. टॉरिन हे मांसातून मिळणारं अमिनो आम्ल महत्त्वाचं आहेच, ते कमी पडलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं हे १९८७ मध्ये संशोधनातून स्पष्ट झालं आणि तेव्हापासून फूडमध्ये ते जास्त घालायला लागले, बहुतेक वेळा कृत्रिमच. पण मांजराला गाजरातून व्हिटॅमिन ए बनवता येत नाही, अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिड हे लागणारं मेदाम्ल पुरेसं बनवता येत नाही, आर्जिनिन हे अमिनो आम्ल नसलेलं एक जेवण झालं तरी काही तासांत रक्तात अमोनिया वाढतो. हे सगळं कारखान्यात मिसळता येतं, नाही असं नाही, पण लघवीचं काय होतंय हे पाकिटावरून कळत नाही. २०२३ चा एक सर्व्हे सगळे शेअर करतात, १,३६९ मांजरं, त्यात व्हेगन खाणारी १२७, आणि व्हेगनवाल्यांची तब्येत वाईट दिसली नाही. पण ती सगळी माहिती मालकांनी भरलेली आहे. त्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी मला कोणी फॉर्म दिला असता तर मीही 'तब्येत उत्तम' असंच भरलं असतं.

आता ढोंगाचं. व्हेगन सोसायटी या ब्रिटिश संस्थेने केलेल्या व्हेगनपणाच्या व्याख्येत 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं आहे आणि लोक ते वाक्य दाखवून मोकळे होतात, मला ते पुरत नाही. एका बोक्यासाठी वर्षानुवर्षं किती कोंबड्या जातात हा हिशोब खरा आहे आणि तो माझ्या नावावर आहे. पण तो फेडण्यासाठी त्याचं शरीर वापरायचं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं झालं, तत्त्व माझं आणि कॅथेटर त्याला. मी त्याला घरात आणलं, दार बंद केलं, आता तो स्वतः शोधून खाऊ शकत नाही, तेव्हा त्याला जे लागतं ते देणं माझ्यावर आलं.

म्हणून माझ्या हातात आहे तेवढं करते. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलंय. त्याला बाहेर सोडत नाही, कारण एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा २०१३ चा अंदाज आहे, तो वाचल्यापासून मोकळं सोडायची हिंमत होत नाही. फूड वजन करून देते, आणि शक्यतो मोठ्या जनावराच्या मांसाचं घेते, कारण किलोमागे जीव मोजले तर कोंबड्या आणि मासे कितीतरी जास्त मरतात. काळीज वगैरे उरलेले भाग असलेलं फूड घेतलं तरी पैसा त्याच धंद्यात जातो, तेव्हा त्याचं समाधान मी मानत नाही. अजून मांजर आणलंच नसेल अशा व्हेगन माणसाला मी सांगेन की हे सहन होणार नसेल तर ससा पाळा, ब्रीडरकडे तर जाऊच नका. तुमचं पिल्लू मात्र आलेलं आहे.

आणि ते वाढीच्या वयात आहे, तेव्हा आत्ता कुठलाही प्रयोग नको, पिल्लांसाठीचं मांसाचं फूडच द्या, शक्यतो ओलं, म्हणजे पाणीही पोटात जाईल. मोठं झाल्यावर बदलायचंच असेल तर आधी व्हेटशी बोला, लघवीची तपासणी करत राहा, बोका असेल तर दुप्पट विचार करा. चार आठवड्यांच्या आतलं असेल तर गाईचं दूध किंवा सोया मिल्क देऊ नका, मांजराच्या पिल्लांसाठी वेगळं मिल्क रिप्लेसर मिळतं. दात दिसतायत का बघा आणि किती वजन आहे ते कळवा.