फ्लॅटचा हप्ता आणि तृष्णा

प्रश्न : आम्ही घणसोलीला राहतो, घरी रोज त्रिशरण-पंचशील होतं. ठाण्यात वन बीएचके बुक केलाय, हप्ते सुरू झालेत, प्रमोशनसाठी मी जीव तोडून काम करतेय. ट्रेनमधली मैत्रीण म्हणाली, तुमच्यात तर इच्छा हेच दुःखाचं मूळ ना, मग ही धावपळ कशाला? आणि सगळं दुःखच आहे म्हणणारा धर्म किती निराशावादी! मला उत्तरच सुचलं नाही. खरंच असं आहे का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, नाही. दुःख आहे एवढंच सांगून बुद्ध थांबले असते तर मैत्रिणीचं बरोबर होतं, पण सारनाथला पाच जणांना पहिल्यांदा धम्म सांगितला तेव्हाच दुःख आहे, त्याला कारण आहे, ते संपवता येतं आणि त्याचा मार्ग आहे असं चारही एकत्र सांगितलंय, आणि त्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका म्हणजे योग्य मार्गानं पोट भरणं आहे, सम्यक व्यायाम म्हणजे नेटाचे प्रयत्नही आहेत. हातपाय गाळून बसा असं कुठंय त्यात? उलट 'आता काहीच नको, सगळं संपून जाऊ दे' ही ओढसुद्धा तृष्णेच्या, म्हणजे हव्यासाच्या, तीन प्रकारांत मोजलीय, विभवतृष्णा म्हणतात तिला.

तुमचा प्रश्न तर अगदी जुना आहे. कोलिय लोकांतला दीघजाणू नावाचा गृहस्थ बुद्धांकडे आला आणि म्हणाला, आम्ही बायकापोरांत राहणारी माणसं, काशीचं चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोनं-चांदी वापरतो, आम्हाला झेपेल असं काहीतरी सांगा. बुद्धांनी त्याला घर सोड म्हटलं नाही. शेती असो, व्यापार असो की सरकारी चाकरी, आपलं काम कसबानं आणि मेहनतीनं कर, कमावलेलं सांभाळ, संगत चांगली ठेव आणि खर्च मिळकतीच्या वर जाऊ देऊ नकोस, पण कंजूषपणाही नको, हे सांगितलं, आणि मग श्रद्धा, शील, दान, प्रज्ञा यांच्याकडे वळवलं. हे अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात आहे, जरूर वाचा.

त्याच निकायात अनाथपिंडिक या बुद्धांच्या गृहस्थ उपासकाला गृहस्थाची चार सुखं सांगितलीत : धन असणं, ते उपभोगणं आणि दान करणं, कर्ज नसणं आणि निर्दोष वागणं. कर्ज नसण्याचं सुख वेगळं मोजलंय हे मला फार आवडतं, हप्ता भरणाऱ्याला ते लगेच पटेल! पण पहिल्या तिन्हींना चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही सर नाही, असंही तिथंच म्हटलंय. म्हणून प्रमोशन हवं वाटण्यात काही वावगं नाही, मात्र त्यासाठी कलीगबद्दल खोटं सांगावं लागत असेल तर तिथं पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं शील आडवं येतं. आणि प्रमोशन नाही मिळालं तर आपण संपलोच असं वाटत असेल तर तृष्णा तिथं आहे, ती बघायची.

राहिला निराशावाद. ही शंका खुद्द बाबासाहेबांनी 1957 साली आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत मांडलीय, जन्म दुःख मरण दुःख म्हटलं तर धर्माला आशा कुठली, ही चार आर्यसत्यं (वर सांगितलेल्या दुःखाबद्दलच्या चार गोष्टी) मूळची की भिक्खूंनी नंतर घातलेली, असं स्पष्ट विचारलंय त्यांनी. तेव्हा मैत्रिणीवर रागावू नका. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथवाचन असतं, तिलाही घेऊन जा, प्रस्तावनेचं ते पान काढा आणि हाच प्रश्न सगळ्यांसमोर विचारा.