ड्रायर मोटरचा कोड दाखवतो, पण दोष मोटरचाच असतो का?

प्रश्न : आमच्याकडे सात किलोचा, भिंतीबाहेर पाइप सोडलेला ड्रायर आहे. दिवाळीनंतर तो बंदच असतो. यंदा जूनमध्ये लावला तर घूं असा आवाज येतो, ड्रम हलत नाही आणि काही सेकंदांत मोटर बिघाडाचा कोड येतो. रिपेरवाल्याने मशिन न उघडताच मोटर बदलायला सांगितली आहे. बदलावी का?
– एक वाचक, मेढा, ता. जावळी, जि. सातारा

उत्तर : एवढ्यावरून होकार देऊ नका. मशिनमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड मोटरला सप्लाय सोडतो आणि ती फिरते आहे की नाही हे सेन्सरवरून किंवा करंटवरून पाहतो. फिरल्याची खूण मिळाली नाही की कोड येतो. ती खूण का मिळाली नाही, हे बोर्डाला कळत नाही. पट्टा तुटला, मोजा अडकला, कपॅसिटर उतरला, कनेक्टर गंजला, व्होल्टेज पडलं, यांतलं काहीही झालं तरी बऱ्याच मशिनमध्ये कोड एकच असतो. मोटर हा या यादीतला सगळ्यात महागडा भाग, म्हणून तिचा नंबर शेवटी लावावा.

सुरुवातीलाच एक पथ्य. घूं आवाज येत असताना पुन्हा पुन्हा स्टार्ट दाबू नका. अडून बसलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि चांगली वाइंडिंगही (मोटरमधली तारेची गुंडाळी) त्यात जळते. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, एकदाच लावून पाहा, कोड पुन्हा आला तर प्लग काढून तपासायला लागा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, तेव्हा आधी मशिनसोबतच्या पुस्तिकेत तो खरंच मोटरचाच आहे का, हे पाहून घ्या. दाराच्या स्विचचा कोड मोटरचा समजून खर्च केलेली घरं कमी नाहीत.

आता प्लग काढलेलाच ठेवून दार उघडा आणि ड्रम हाताने फिरवा. या एका तपासणीतून जेवढं समजतं तेवढं मीटरनेही समजत नाही. ड्रम एकसारख्या, हलक्या ओढीने फिरत असेल तर पट्टा जागेवर आहे आणि यांत्रिक बाजू बहुधा ठीक आहे. अगदी सैल, ओढ न जाणवता गरगरला तर पट्टा तुटलाय किंवा पुलीवरून उतरलाय. काही मशिनमध्ये पट्टा ताणणाऱ्या पुलीशी एक छोटा स्विच असतो. पट्टा तुटला की तो मोटरचा सप्लायच तोडतो, आणि चांगल्या मोटरवर आळ येतो. ड्रम जागचा हलतच नसेल किंवा एका ठिकाणी अडत असेल तर ड्रम आणि पुढच्या पत्र्याच्या फटीत कापड, नाणं किंवा ब्लाउजचा हूक शिरलाय का ते टॉर्चने बघा. जाळी फाटलेली असेल तर मोजा, हातरुमाल थेट पंख्यापर्यंत जातो. बऱ्याच ड्रायरमध्ये ड्रम आणि पंखा एकाच मोटरवर चालतात, त्यामुळे पंखा अडला की ड्रमही थांबतो.

तुमच्या मशिनमधला घूं हा आवाज महत्त्वाचा आहे. मोटरपर्यंत सप्लाय पोचतो आहे, पण ती सुटत नाही. (आवाजच नसेल तर कनेक्टर, दाराचा स्विच, पट्ट्याचा स्विच, मोटरमधला थर्मल कटआउट (मोटर तापली की सप्लाय तोडणारा स्विच) आणि बोर्डावरचा रिले या दिशेने जावं. मोटर काही सेकंद नीट फिरून मग कोड येत असेल तर फिरण्याची खूण देणारा सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी.) ड्रम हाताला मोकळा लागत असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्या. दुकानात तो कंडेन्सर म्हणून मिळतो. छताचा पंखा हाताने ढकलल्यावरच फिरायला लागतो, तेव्हा जो भाग बदलतात तोच हा, फक्त मोठा.

यापुढचं काम विजेची माहिती असलेल्यानेच करावं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. टोकांना जुना दिव्याचा बल्ब किंवा १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून तो उतरवावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नये. मग एक वायर सोडवून मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) मोजता येणाऱ्या मल्टिमीटरवर धरावा. अंगावर छापलेला आकडा आणि मीटरचा आकडा यांत बहुतेक कपॅसिटरला ५ टक्क्यांची सूट असते, म्हणजे १० मायक्रोफॅरडचा ९.५ ते १०.५ दाखवेल. ७ किंवा ८ दाखवला, फुगलेला दिसला, तेल झिरपलेलं दिसलं तर बदलायचा. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत, जास्त चालतील. ‘जोर यावा’ म्हणून मोठ्या मायक्रोफॅरडचा बसवतात, ते चूक आहे. त्याने सहायक वाइंडिंग तापते आणि पुढच्या पावसाळ्यात खरंच मोटर जाते.

कपॅसिटर ठीक निघाला तर पट्टा उतरवून मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवून पाहा. आठ महिने उभ्या राहिलेल्या मशिनमध्ये जुनं तेल आणि लिंट (कपड्यांचे बारीक तंतू) मिळून बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) जाम होणं नवं नाही, आणि जावळीच्या दमट हवेत गंजही धरतो. शाफ्ट मोकळा असेल तेव्हाच वाइंडिंगकडे जा. कनेक्टर काढून ओहम मोजा. ड्रम दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या कपॅसिटर मोटरच्या दोन्ही वाइंडिंग साधारण सारख्या आकड्याच्या असतात. इन्व्हर्टर मोटरला (जिचा वेग बोर्ड बदलतो) तीन वायर असतात आणि कुठल्याही दोघींमध्ये आकडा जवळजवळ तोच यायला हवा. एखाद्या वाइंडिंगमध्ये मीटरने जोडच दाखवला नाही आणि मोटर गार असेल, किंवा वाइंडिंग व मोटरच्या अंगामध्ये जोड दिसला, तर मोटर गेली असं म्हणता येतं. रिपेरवाल्याकडून हे आकडे मागा, तो हक्क तुमचा आहे. इन्व्हर्टर मशिनच्या बोर्डावर प्लग काढल्यानंतरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो, तिथे घाई नको.

हे करताना मागचा पत्रा उघडाच असेल, तेव्हा वायरीही बघून घ्या. बंद ड्रायरमध्ये उंदीर लिंटचं घरटं करतो आणि मोटरची वायर कुरतडतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या किंवा काळ्या दिसल्या तर तिथेच कोडचं कारण सापडू शकतं. पुढे ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला एकदा ड्रायर दहा-पंधरा मिनिटं रिकामा फिरवा.

प्रश्न : ड्रायर वीस मिनिटं छान चालतो, मग मोटरचा कोड देऊन थांबतो. तासाभराने पुन्हा सुरू होतो. बोर्ड बदलला, फरक नाही. आता ‘मोटरमधला कटआउट डायरेक्ट करू’ असं सुचवलं आहे.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कटआउट डायरेक्ट करू देऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. मोटर जास्त तापली की तो सप्लाय तोडतो आणि निवल्यावर जोडतो. तुमचा तासाभराचा खंड तोच आहे. तो काढला तर मोटर तापतच राहील, आणि तिच्याभोवती लिंट असते, ती सहज पेट घेते. बोर्ड बहुधा विनाकारण बदलला गेला.

मोटर का तापते ते शोधायचं. पत्रा काढून मोटरच्या हवेच्या फटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. दारातली जाळी रोज साफ करणाऱ्यांच्या मशिनमध्येही आत लिंट साचते. बाहेर जाणारा पाइप चेपलाय का, बाहेरच्या तोंडाची झडप उघडते का ते पाहा. कंडेन्सर ड्रायर असेल तर खालचा कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारा भाग, कपॅसिटर नव्हे) धुवून वाळवून बसवा. हीट पंप ड्रायरच्या बंद गॅसच्या भागाला मात्र हात लावू नका. काहींत आर-२९० हा गॅस (प्रोपेन) असतो, तो ज्वलनशील आहे.

मग व्होल्टेज. ड्रायर चालू असताना, हीटर लागलेला असताना त्याच सॉकेटवर वायरमनकडून मोजून घ्या. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: २३० च्या जागी १८० आले तर जोर सुमारे ६१ टक्के उरतो. मोटर रेंगाळते आणि तापते. दोन हजार वॅटचा हीटर एकटाच नऊ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड नको, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीवर स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट हवा. फ्रिजचा स्टॅबिलायझर या भाराला पुरत नाही.

शेवटी कपडे. मशिनवर लिहिलेला किलोचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. नीट न पिळलेल्या चादरी आणि जीन्स एकत्र कोंबल्या तर ड्रम फिरवताना मोटरची दमछाक होते. अर्धा भार टाकून पाहा. तेवढ्यावर कोड येत नसेल तर निम्मं उत्तर मिळालं. रिकामा चालवूनही येत असेल तर बेअरिंग, पट्ट्याची पुली आणि ड्रमखालची चाकं तपासा.

प्रश्न : पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं, ड्रायर गुडघाभर पाण्यात होता. आठवडाभर उन्हात ठेवलाय. लावून पाहू का?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : लावू नका. मोटर तळाशीच असते, ती पूर्ण बुडाली असणार. वरचा पत्रा सुकला तरी वाइंडिंगमध्ये ओल आणि कृष्णेचा गाळ राहतो. तळाचा पत्रा उघडून गाळ गोड्या पाण्याने धुऊन काढावा लागतो, मोटर सोडवून मोटर वाइंडिंगच्या दुकानात भट्टीत सुकवावी लागते आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग ते मोटरचं अंग असं मोजावं लागतं. एक मेगोहमच्या खाली आलं तर सप्लाय देऊ नये. बेअरिंग बदलूनच घ्या, त्यातला गाळ सुकवून जात नाही. बोर्डही पाण्यात गेला असेल तर दुरुस्तीचा एकूण अंदाज आधी लेखी घ्या. बऱ्याचदा तो नव्या मशिनच्या निम्म्यावर जातो, आणि मग त्यात पैसे घालू नयेत. दुरुस्त झाला तर पहिल्यांदा लावताना त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग असल्याची खात्री करून घ्या.