दूध-पोळीवर आळ

*मावशी, मुलाच्या नवव्या वाढदिवसासाठी आम्ही पुण्याहून लॅब्रॅडॉरचं चाळीस दिवसांचं पिल्लू आणलं. नाव बुंदी. रविवारी संध्याकाळी घरी आली, बुधवारी रात्री खाणं सोडलं, मग उलट्या सुरू झाल्या आणि गुरुवारी पहाटे रक्ताची शी. टेस्टमध्ये पार्वो निघाला, म्हणजे कुत्र्यांना होणारा पोटाचा संसर्गजन्य रोग. तेव्हापासून ती दवाखान्यातच आहे, सलाईनवर. 16,000 रुपये झाले. हे म्हणतात, आता बास. मंगळवारी सासूबाईंनी तिला दूध-पोळी कुस्करून घातली होती, त्यामुळेच हे झालं असं यांचं म्हणणं. सासूबाईंनी तेव्हापासून धड जेवण घेतलेलं नाही. म्हणतात, आमच्या लहानपणी गावची कुत्री दूध-भाकरीवरच वाढली, कुणाला असलं काही झालं नाही. मुलाला हा रोग लागेल अशीही त्यांना धास्ती. त्याला आम्ही सांगितलंय की बुंदी ट्रेनिंगला गेली आहे. आमच्या जिन्याखाली भटक्या कुत्रीची चार पिल्लं आहेत, मी त्यांना रोज भात घालते. त्यांच्याकडून आलं असेल का? आणि चार दिवसांच्या कुत्र्यासाठी मला एवढं रडू का येतंय? ऑफिसात सगळे हसतात. – एक आई, वाई*

अगं,

पत्र निकडीचं होतं म्हणून उत्तर आधी तुला पाठवलं, इथे नंतर देते आहे.

आधी कॅलेंडर काढ. पार्वोचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहूनही जास्त. तुझी बुंदी रविवारी संध्याकाळी आली आणि बुधवारी रात्री आजारी पडली. म्हणजे बहुतेक ती येतानाच तो घेऊन आली होती. जिथे जन्मली तिथून, विकणाऱ्याच्या पिंजऱ्यातून किंवा प्रवासात कुठेतरी. मंगळवारच्या दूध-पोळीने फार तर पोट जरा बिघडलं असतं, कारण गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. पण दुधातून पार्वो होत नाही. जिन्याखालच्या पिल्लांचाही यात हात दिसत नाही. हे सगळं आज रात्री जेवायला बसाल तेव्हा तूच मोठ्याने सांग, यांच्या देखत. सासूबाईंच्या ताटात भाजी वाढताना सांगितलंस तरी चालेल, पण यांना ऐकू गेलं पाहिजे.

आणि त्या लहानपणचं म्हणतात ना, ते अगदी खरं आहे. कुत्र्यांमधला हा रोग 1978 मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. त्यांच्या लहानपणी गावात पार्वो नव्हताच, तर कुत्र्यांना होणार कुठून? ‘आई, तुमचं बरोबर आहे, तेव्हा हा रोगच नव्हता,’ एवढं वाक्य त्यांच्या कानावर पडू दे. दोन घास जातील.

आता यांच्याकडे वळू. तुझ्या पत्रात ते जरा खलनायकासारखे आलेत. मला ते घाबरलेले वाटतात. चाळीस दिवसांचं पिल्लू ठरवलं कोणी, पैसे दिले कोणी, हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. 2017 च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, घेणाऱ्यांपैकी कितीजणांना असतं? त्याने लसीच्या कार्डावर शिक्का मारून दिला असेल, तरी या वयात एका डोसावर भिस्त ठेवता येत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला नीट काम करू देत नाही, म्हणून तर सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात. विकणाऱ्याला आजच फोन करा. पैसे परत मागायचे की नाही ते नंतर बघा. त्याच विणीतली बाकीची पिल्लं कुणाकुणाच्या घरी गेली असतील, त्यांना वेळेत कळलं तर एखादं वाचेल.

उपचार थांबवावेत का? हे मी ठरवू शकत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. उलट्या थांबल्या का? पांढऱ्या पेशी खाली चालल्यात की वर येऊ लागल्यात? रक्तातली साखर तपासताय का? आणि रात्री दवाखान्यात तिच्याजवळ कुणी असतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. पार्वोवर विषाणू मारणारं रामबाण औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि ऊब यांच्या जोरावर पिल्लाला तगवून ठेवायचं, तोवर त्याचं शरीर लढतं. त्यामुळे रात्री आठला सलाईन काढून सकाळी दहाला परत लावणार असतील, तर मधले चौदा तास लहान पिल्लाला महागात पडू शकतात. डॉक्टर म्हणाले की आमच्याकडे रात्री कुणी नसतं, तर वाईट वाटून घेऊ नकोस, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात फोन करून काय सोय आहे ते विचार. तुमच्या जिल्ह्यातच आहे.

उपचार सुरू झाल्यावर पहिले तीन-चार दिवस जी पिल्लं काढतात, त्यातली बहुतेक वाचतात. बुंदीही आता तिथवर पोचत आली असेल. म्हणून पैशांबद्दल भांडण्याऐवजी दोघं बसून एक आकडा आणि एक दिवस ठरवा: इतक्या रुपयांपर्यंत, अमुक वारापर्यंत, त्यानंतर डॉक्टर सांगतील तसं. आकडा ठरला की यांचा ‘आता बास’ बंद होईल आणि दर बिलागणिक तुझ्या पोटात उठणारा गोळाही. आणि त्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता तिचे नुसते हाल आहेत, तर थांबणं म्हणजे तिला टाकून देणं नव्हे.

एक राहिलं. कुणी पपईच्या पानांचा रस सांगेल, कुणी हळदीचं पाणी, कुणी घरातली जुलाब थांबवायची गोळी. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीने काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

मुलाला खरं सांग. आजच. नऊ वर्षांच्या मुलाला घरातली कुजबुज कळते, आणि कारण माहीत नसलं की ती मुलं ते स्वतःत शोधतात. त्याने तिला पहिल्याच दिवशी आंघोळ घातली असेल, पांघरुणात घेतलं असेल, आणि आता त्यालाच वाटत असेल की माझ्यामुळे ती गेली ट्रेनिंगला. ‘बुंदीला पोटाचा मोठा आजार झालाय, ती आली तेव्हाच तो तिच्या पोटात होता, तुझ्यामुळे झालेला नाही, ती बरी होईल की नाही हे डॉक्टरांनाही अजून माहीत नाही.’ एवढं पुरे. कुत्र्यांचा पार्वो माणसाला होत नाही, तेव्हा डॉक्टर हो म्हणाले तर त्याला भेटायला घेऊन जा. पुढच्या पायाला चिकटपट्टीने बांधलेली सुई, हाताला लागणाऱ्या बरगड्या, तो वास, सगळं आधी सांगून ठेव. शेपटीचं नुसतं टोक हललं तरी त्याला ते पुरेल. आणि नाही हललं तरी त्याने तिला पाहिलेलं असेल.

तुझ्या रडण्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. नवं पिल्लू पहिल्या रात्री कुंईकुंई करतं तेव्हा घरातलं कोण उठतं, हे मला ठाऊक आहे आणि तुलाही. ऑफिसातल्यांनी ती रात्र काढलेली नाही. त्यांना सांगायला जाऊ नकोस, डबा खा आणि काम कर. रडू आलं तर घरी ये आणि रड.

आता फडकं आणि बादली घे, कारण हे काम थांबणारं नाही. विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. आधी घाण साबणाने धुऊन काढ, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशीवर दहा मिनिटं राहू दे. कोरोनात फवारायचे ते हायपोक्लोराइट, तेच हे. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नकोस. तिची गादी आणि कापडी खेळणी टाकून दे. बुंदी घरी आली तरी महिनाभर तिला दुसऱ्या पिल्लांजवळ नेऊ नकोस. नाहीच आली, तर मुलाचं मन रमवायला लगेच दुसरं पिल्लू आणायचा मोह टाळ. सगळ्या लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं चालेल.

जिन्याखालची चार पिल्लं मात्र आता तुझ्या हातात आहेत. तू दवाखान्यातून त्याच चपलांनी येऊन त्यांना भात घालत असशील, तर रोग तुझ्याकडून त्यांच्याकडे जाईल. काही आठवडे ते काम खालच्या मजल्यावरच्या कुणालातरी दे, ज्यांचा बुंदीशी संबंध आला नाही. दवाखान्याच्या चपला घराबाहेर वेगळ्या ठेव, त्यांचे तळवेही त्याच ब्लीचच्या पाण्याने धू. पिल्लं सहा आठवड्यांची झाली असतील तर डॉक्टरांना त्यांच्या पहिल्या लसीचं विचार. आणि तो खर्च यांना आजच सांगू नकोस, बुंदीचा आकडा ठरल्यावर सांग.

मावशी