कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुखणाऱ्या मांड्या

“मॅडम, ही गोळी म्हणे स्नायूच खाऊन टाकते, मग ती घ्यायची कशाला?” नाशिकमधील आमच्या हृदयरोग केंद्रात हा प्रश्न वारंवार कानी येतो. दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो विचारण्याआधीच गोळी बंद करून मोकळे झाले होते. गेल्या वर्षी स्टेंट बसवल्यापासून त्यांना ॲटोरव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातील औषध, सुरू होते.

घरच्यांनी दुखण्याचे खापर छाटणीवर फोडले होते, आणि मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम केल्यावर खांदे भरून येतातच. परंतु काकांच्या दोन्ही मांड्या सारख्याच दुखत होत्या आणि खुर्चीतून उठताना त्यांना गुडघ्यांवर हात रेटावे लागत होते. स्टॅटिनचा त्रास बहुधा असाच दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंत होतो. एकच गुडघा दुखत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर कारण सहसा वेगळे असते.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली, तेव्हा खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची स्ट्रिप निघाली. यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ॲटोरव्हास्टॅटिनचा निचरा होतो, त्यालाच हे औषध अडवते आणि मग नेहमीचाच डोस रक्तात जास्त साठतो. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, कमाल मर्यादेच्या चौपट आले. थायरॉईड मंदावल्यानेही स्नायू दुखतात; काकांचा थायरॉईड ठीक होता.

“आता ती गोळी नकोच,” काकू ठामपणे म्हणाल्या. त्यांची भीती रास्त होती, पण स्टेंट बसवलेल्या माणसाने स्टॅटिन कायमचे सोडणे अधिक धोक्याचे, हे मला त्यांना सावकाश समजावावे लागले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या लोकांवरील, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सुमारे 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला होता. काकांचा त्रास मात्र त्यातला नव्हता, कारण रक्ततपासणीच तसे सांगत होती.

सीपीके उतरल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोसुव्हास्टॅटिन कमी मात्रेत सुरू केले, कारण त्याचा निचरा प्रामुख्याने त्या विकरावर अवलंबून नसतो. मी काकूंना वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहून दिले: लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा जिना चढवेनासा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, कारण तुटलेल्या स्नायूंतील प्रथिनाने मूत्रपिंड निकामी होऊ शकते.