विसरायला होतंय, म्हणजे एचआयव्ही मेंदूत चढला का?

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार मिळतात तिथे, वर्षानुवर्षं गोळ्या घेणारी माणसंही हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात: "मॅडम, हे डोक्यात गेलंय का? मला वेड लागणार का?" शिवणकाम करणाऱ्या 46 वर्षांच्या एका ताईंनीही तोच विचारला. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

माप घेतल्यावर वहीत लिहीपर्यंत मुंढ्याचा आकडा त्यांच्या डोक्यातून जायचा. एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. मुलगी सोबत होती. ती म्हणाली, "आई बोलता बोलता मध्येच थांबते." ताईंना वाटत होतं की गोळ्यांनीच डोकं बिघडतंय, म्हणून महिनाभर त्या अधूनमधून गोळी मुद्दाम चुकवत होत्या. या संशयाला कारण होतं. त्यांच्या जुन्या गोळीत एफाव्हिरेन्झ होतं. त्यानं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची. आता त्या घेतात त्या टीएलडी या एकत्रित गोळीत ते औषध नाही.

विषाणू मेंदूत जातो, हे त्यांना आधी सरळ सांगितलं. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून तो तिथे पोचतो. विचार करणाऱ्या चेतापेशींत तो सहसा शिरत नाही. मेंदूतल्या संरक्षक पेशींत मुक्काम करतो, त्यांची सूज धुमसत राहते आणि तिच्यामुळे चेतापेशींमधले जोड कमकुवत होतात. जास्त झळ बसते ती मेंदूच्या आतल्या गाभ्याला आणि निरनिराळे भाग जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंना. त्यामुळे आधी वेग कमी होतो. हात मंदावतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, आठवायला वेळ लागतो. माणसं ओळखू न येण्यापर्यंत जाणारा तीव्र स्मृतिभ्रंश एआरटी येण्याआधी बराच दिसे. गोळ्या नियमित असतील तर आज तो क्वचितच होतो. ताईंचा सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, उपचार सुरू होताना 90 होता. इतका खाली गेलेल्यांत मंदपणाचा धोका जास्त राहतो, म्हणून तक्रार झटकून टाकली नाही.

मग आंतरराष्ट्रीय एचआयव्ही स्मृतिभ्रंश चाचणी घेतली. तिला मोजून पाच मिनिटं पुरतात. चार शब्द ऐकवायचे: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग ज्या हाताची सवय कमी, त्याचा अंगठा आणि तर्जनी 5 सेकंद भराभर जुळवायची. त्याच हातानं टेबलावर मूठ, पालथा पंजा, करंगळीच्या कडेवर उभा हात, हा क्रम 10 सेकंद करायचा. शेवटी ते शब्द विचारायचे. ताईंची बोटं 13 वेळा जुळली, त्याचे 3 गुण. क्रम तीनदा नीट झाला, 3 गुण. दोन शब्द आपणहून आले, तिसरा "एक रंग होता" म्हटल्यावर आला, म्हणून अडीच. एकूण 12 पैकी साडेआठ. 10 किंवा कमी गुण पडले की पुढची तपासणी करायची. याला निदान समजू नये. कमी शिकलेली, थकलेली किंवा झोप न झालेली व्यक्तीही इथे मागे पडते. इशारा मिळताच शब्द आठवणं ही मात्र चांगली खूण. म्हणजे नोंद झालेली असते, काढायला उशीर लागतो.

डॉक्टरांनी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी 12 जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर आणि सिफिलिसची तपासणी सांगितली. आम्ही झोप, दारू आणि मनःस्थितीबद्दल विचारलं. उदासीनतेतही असाच विसराळूपणा येतो आणि उपचारानं तो ओसरतो. व्हायरल लोड दबलेला निघाला. टीएसएच बराच वाढलेला होता, म्हणजे थायरॉइड मंदावलं होतं, आणि बी 12 कमी होतं; विसराळूपणा यांनीही येतो. शिवाय टीएलडी रात्री घेत असल्यानं झोप उडत होती, आणि हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी त्या उपाशीपोटी तिच्यासोबतच गिळत होत्या. कॅल्शियम आणि लोह टीएलडीतलं डोलुटेग्राव्हिर हे औषध शरीरात नीट शोषू देत नाहीत.

नवं वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरलं: सकाळी 6 ला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, 9 ला न्याहारीनंतर टीएलडी, संध्याकाळी 5 ला कॅल्शियम. बी 12 डॉक्टरांनी वेगळं सुरू केलं. दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक घ्यायचं, आकडा मोठ्यानं म्हणत लगेच लिहायचा, कापण्याआधी दोन्ही बाह्यांवर खडूनं 'डावी', 'उजवी' लिहायचं.

काही महिन्यांनी गुण साडेदहा झाले. बोटांचा वेग सुधारला, क्रम मात्र तीनच वेळा जमला. थोडा मंदपणा उरला आहे. तो विषाणूनं पूर्वी केलेल्या इजेचा असू शकतो, हेही ताईंना सांगितलं. दर सहा महिन्यांनी हीच चाचणी त्यांच्याच जुन्या गुणांशी ताडून बघायची. व्हायरल लोड दबलेला असूनही गुण घसरत गेले, तर एमआरआय आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं, कारण क्वचित रक्तात दबलेला विषाणू तिथे वाढत असतो.

मुलीला एक यादी लिहून दिली: तापासोबत जोराची डोकेदुखी, मान ताठरणं, सारख्या उलट्या, झटका, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टीबी किंवा क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर, टॉक्सोप्लाझ्मा असे आजार अशा लक्षणांनी येतात, आणि त्यांच्यावर वेगळे उपचार आहेत.