सेशन वाढवण्याआधी खोलीत काय चालतं ते पाहा

ताई, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे सीपीचा, मुख्यतः दोन्ही पाय ताठर करणारा प्रकार), चवड्यांवर उभा राहतो आणि सोफ्याला धरून चालतो. सेंटरमध्ये रोज पाऊण तास थेरपी होते, पण पालकांना बाहेर बसवतात. वर्षभरात फारसा फरक नाही म्हणून आता तेच लोक रोजच्या दोन सेशनचं पॅकेज घ्या म्हणतायत, आणि तुम्ही विचारलंय की घ्यावं का.

माझं स्पष्ट मत, नका घेऊ. निदान आत काय चालतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तरी नकोच.

मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही. माझ्या मुलीला हाच प्रकार आहे, जीएमएफसीएस लेव्हल 3 (सीपीतल्या हालचालींच्या क्षमतेची 1 ते 5 अशी पट्टी, 1 सगळ्यात सौम्य), आता आठवीत आहे. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे खाली लिहिलेलं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. सीपी म्हणजे काय, फिजिओ का लागतो वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, ते लिहीत बसत नाही.

तुमच्या पोस्टमधलं ते बंद दार वाचलं आणि आमचं जुनं सेंटर आठवलं. नाव लिहीत नाही, पण तिथेही हाच नियम होता: आई समोर असली की मूल लाडात येतं, तुम्ही बाहेर थांबा. आत मुलीला मॅटवर उताणं झोपवायचे, पाय सरळ करून मांडीच्या मागच्या शिरा ताणायचे, टाच दाबायची, पाय फाकवायचे. मग मोठ्या बॉलवर पालथं घालून हलवायचे, शेवटी थोडा वेळ पट्टे बांधून उभं करायचे. बाहेर आम्हाला तिचं रडणं ऐकू यायचं. पाऊण तासात तिने स्वतःहून केलेली हालचाल जवळजवळ नसायचीच. सगळं काम थेरपिस्टच्या हातांचं.

फाइलमध्ये दर महिन्याला तेच वाक्य, 'टोन कमी, प्रोग्रेस गुड', म्हणजे स्नायूंचा ताठरपणा कमी, प्रगती चांगली. किती सेकंद हात सोडून उभी राहिली, दहा मीटर जायला किती वेळ लागला, किती वेळा आधार घेतला, यातलं एकदाही काही मोजलं नाही. विचारलं तर म्हणायचे, पेशन्स ठेवा, सेशन वाढवा. असं बरंच चाललं, आणि ते वय पुन्हा मिळत नाही.

सगळ्यात मोठा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे, तो अजून गेलेला नाही. इतका काळ आमच्याकडून पैसे घेणाऱ्या त्या सेंटरने एकदाही खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितलं नाही. दुसऱ्या गावातल्या लहान मुलांच्या ऑर्थोपेडिक सर्जननी पहिल्याच भेटीत काढायला लावला, तेव्हा डाव्या खुब्याचा गोळा वाटीतून एक तृतीयांशाहून जास्त बाहेर सरकलेला निघाला. ऑपरेशन, प्लास्टर, नंतर पुन्हा उभं राहण्यापासून सुरुवात. त्या आधी जे थोडंफार चालणं जमलं होतं तेही गेलं. मूल पाय फाकवताना का रडतंय, असा प्रश्न त्या खोलीत कोणाला पडला असता तरी बरंच वाचलं असतं.

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण खुबा सरकताना सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, वरून दिसतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या सीपी मुलांच्या 2006 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तीनातल्या एका मुलाचा खुबा सरकलेला होता. लेव्हल 1 मध्ये एकही नाही, लेव्हल 3 मध्ये 41 टक्के आणि लेव्हल 5 मध्ये 90 टक्के. गोळा वाटीबाहेर किती टक्के आहे ते एक्स-रेवर मोजतात, 30 च्या वर गेलं की सर्जनचं लक्ष हवंच. स्वीडनमध्ये 1994 पासून सीपीच्या मुलांची अशी ठरावीक अंतराने तपासणी होते. लवकर कळलं की छोट्या ऑपरेशनवर निभावण्याची शक्यता वाढते. तुमच्या मुलाचा झाला नसेल तर याच महिन्यात काढून घ्या. कमरेचा समोरून घेतलेला एकच साधा एक्स-रे असतो, पण पाय सरळ आणि गुडघ्यांच्या वाट्या वर छताकडे ठेवूनच काढायला सांगा, नाहीतर माप चुकतं.

आता चालण्याचं. सीपीच्या मुलांच्या शारीरिक क्षमतेवर 2022 साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांचा गाभा असा: मुलाला आणि घरच्यांना जे हवंय ते ध्येय ठरवा, ती कृती तुकडे न करता आख्खीच करून घ्या, आणि जिथे ती रोज लागणार आहे तिथेच सराव द्या. चालायला शिकायचं तर चालण्याचाच सराव हवा, आणि मेहनत मुलाने स्वतः केली पाहिजे. दुसऱ्याने नुसते पाय ताणून चालणं सुधारतं याला फारसा आधार नाही. म्हणजे स्ट्रेचिंग बंद करा असं मी म्हणत नाही. पण स्नायूची लांबी टिकवायला स्प्लिंट, सीरियल कास्टिंग (ठरावीक दिवसांनी बदलत नेलेलं प्लास्टर), नीट उभं राहणं अशा दीर्घ वेळ चालणाऱ्या गोष्टी जास्त उपयोगी, आणि पाऊण तासातला बहुतेक वेळ ताणण्यात जात असेल तर ती थेरपी चुकीच्या गोष्टीवर खर्च होतेय.

आमच्या दुसऱ्या थेरपिस्टनी पहिल्या दिवशी मुलीलाच विचारलं, तुला काय जमायला हवंय? ती म्हणाली, आजीच्या देवघरात स्वतः जायचंय. मधे एक उंबरठा होता. मग सगळे व्यायाम त्या उंबरठ्याभोवती रचले.

त्यातला एक सविस्तर लिहिते, कारण तो घरी सहज होतो आणि खूप जण चुकीचा करतात. बसून उठणे. लाकडी चौरंग घ्या, बसल्यावर मुलाची मांडी जमिनीला समांतर येईल इतका उंच. कमी पडला तर खाली पाट सरकवा, पण डुगडुगता कामा नये. बूट आणि एएफओ (घोटा आणि पाऊल नीट धरणारा आधार) घालूनच बसवा, तळवे पूर्ण जमिनीवर, गुडघ्यांच्या जरा मागे. समोर टेबलावर त्याची आवडती वस्तू ठेवा, हात पुढे गेले की नाक पायाच्या बोटांपर्यंत येतं आणि मगच ढुंगण उचलतं. काखेत हात घालून वर ओढू नका, हवंच तर गुडघे आत येऊ नयेत म्हणून बाहेरून हात टेकवा. उठल्यावर क्षणभर उभं, मग तीन मोजत सावकाश बसणं. धपकन बसणं मोजायचं नाही, कारण सावकाश बसतानाही ताकद तयार होते. सहा-आठ वेळा नीट जमायला लागलं की चौरंग थोडा कमी उंचीचा करा, पुढे पाठीवरच्या छोट्या दप्तरात थोडे तांदूळ घाला. ताकदीचे व्यायाम रोज नकोत, एक दिवस आड करा, निदान तीन महिने सलग. ताकदीच्या व्यायामाने स्पास्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) वाढते अशी जुनी भीती कोणी घातली तर मनावर घेऊ नका, ती अभ्यासांमध्ये खरी ठरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी चालणं. कॉरिडॉरमध्ये, अंगणात, शेजाऱ्यांच्या दारापर्यंत. वॉकर हवा असेल तर पुढे ढकलायचा न घेता मागे राहणारा, पोस्टेरियर वॉकर आधी वापरून पाहा. पुढच्या वॉकरवर मूल ओणवं होतं. हे माझं मत आणि आमच्या थेरपिस्टचंही, काही मुलांना मात्र पुढचाच जमतो.

एएफओबद्दल एक बारीक गोष्ट. काढल्यावर पायावर लाल डाग दिसतात, ते वीस-तीस मिनिटांत गेले पाहिजेत. नाही गेले तर बनवणाऱ्याकडे परत जा, 'सवय होईल' हे ऐकून घेऊ नका. मोजे शिवण बाहेर करून घाला. मूल वाढतं, दर काही महिन्यांनी फिटिंग तपासून घ्या.

बोटॉक्सचं (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, त्याचा असर साधारण तीन-चार महिनेच असतो. त्या काळात वर लिहिलेला सराव जोरात झाला तरच पैसे वसूल. आणि फक्त टाचेची शीर लांब करण्याचं ऑपरेशन इतक्या लहान वयात सुचवलं असेल तर दुसरं मत घ्याच. दोन्ही पायांच्या डायप्लेजियात पोटरी अशक्त होऊन मूल पुढे गुडघे वाकवून चालायला लागण्याचा धोका असतो.

तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेल्या स्टेम सेलचं एवढंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांप्रमाणे सीपीसाठी ती मान्य उपचारपद्धती नाही, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देताच येत नाही. ऑक्सिजनच्या चेंबरचाही (बंद कक्षात जास्त दाबाने ऑक्सिजन देणं) फायदा सिद्ध झालेला नाही. कॅनडात 111 मुलांवर 2001 साली तुलना झाली, ऑक्सिजन मिळालेल्या आणि थोड्या दाबाची साधी हवा मिळालेल्या मुलांत फरक निघाला नाही. हे लाखो रुपये त्यात घालू नका, कोणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी.

पैशांचा विषय निघालाच आहे तर, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच आहे, त्यात थेरपीचाही खर्च येतो. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) विसरू नका, काही ठिकाणी फार चांगले लोक आहेत. आयकर भरत असाल तर जुन्या करप्रणालीत (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80डीडी) 75,000 रुपये, तीव्र अपंगत्वाला 1,25,000 रुपये वजावट मिळते.

किती सुधारणा होईल, हेही तुम्ही विचारलंय. खोटी आशा लावत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत 657 मुलांवरचा मोठा अभ्यास 2002 मध्ये आला. त्यात लेव्हल 3 ची मुलं त्यांच्या हालचालींच्या क्षमतेचा 90 टक्के टप्पा सरासरी पावणेचार वर्षांच्या आसपास गाठतात, लेव्हल 1 ची पाचच्या जवळ. याचा अर्थ पुढे काही होत नाही असा मुळीच नाही. ताकद, दम, तोल, रोजच्या कामातली सफाई नंतरही वाढते, आमच्याकडे वाढलीच. पण वेळ वाया घालवण्याइतका कोणाकडेच नसतो. माझी मुलगी आज घरात कोपर-कुबड्यांवर फिरते, शाळेत वॉकर, लांबच्या अंतराला व्हीलचेअर. व्हीलचेअर म्हणजे हार असं मानणारे थेरपिस्ट भेटतील, त्यांचं ऐकू नका. थकून घरी आलेलं मूल ना अभ्यास करतं ना व्यायाम.

आता सोमवारी सेंटरला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. पुढच्या तीन महिन्यांत मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे? ते तुम्ही कसं मोजणार? आणि मी आत बसणार, चालेल ना? तिसऱ्यावर नाही म्हणाले तर पैसे भरू नका. तुमचा जिल्हा, मुलाची जीएमएफसीएस लेव्हल आणि खुब्याचा एक्स-रे झालाय की नाही एवढं इथेच लिहा. जवळपासचं जे मला माहीत आहे ते सांगते, ज्यांना आणखी माहीत असेल ते भर घालतील.