महापालिकेचा निवारा जवळ असूनही बेघर माणसे उघड्यावरच का झोपतात?

आपण विचारले आहे की, आपल्या इमारतीसमोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर एक वयस्कर जोडपे गेल्या पावसाळ्यापासून झोपते, दीड-दोन किलोमीटरवर महापालिकेचा बेघर निवारा आहे, तिथे पैसे लागत नाहीत, आणि तरीही दोनदा सांगून ते जायला तयार नाहीत. तेव्हा त्यांना उघड्यावरची सवयच लागली आहे का, आणि अशा वेळी आपण काय करावे. एका संस्थेच्या वतीने मी अशाच एका निवाऱ्याची व्यवस्था सहा वर्षे पाहिली. ‘सवय’ हा शब्द तिथे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांच्या तोंडून मी ऐकला आणि पहिले काही महिने तो माझ्याही तोंडी होता.

आमच्या नोंदवहीत ‘सध्याचा पत्ता’ असा एक रकाना होता. भाजी बाजारात हातगाडा ओढणाऱ्या एका गृहस्थांनी तिथे ‘पुलाखाली, दुसरा खांब’ असे लिहायला सांगितले. तापाने फणफणलेले असल्यामुळे ते चार रात्री राहिले आणि ताप उतरताच निघाले. कारण विचारले तेव्हा त्यांनी हिशेबच मांडला: गाडा भाड्याचा, तो खांबाला साखळीने बांधलेला, रात्री जवळ माणूस नसेल तर सकाळी चाक जागेवर असेल याची खात्री नाही, शिवाय मालाच्या गाड्या पहाटे साडेतीनला लागतात आणि जो समोर दिसतो त्यालाच हमाली मिळते. निवाऱ्यातून तिथवर चालत जायला पाऊण तास लागत होता. याला सवय म्हणणे मला तरी जमले नाही.

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांच्या, म्हणजे ‘ओल्गा टेलिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात नोंदवून ठेवली आहे. कामाच्या ठिकाणाजवळ राहता यावे म्हणून ही माणसे पदपथ किंवा झोपडपट्टी निवडतात, आणि त्यांना तिथून हुसकावणे म्हणजे त्यांची उपजीविका काढून घेणे, हे न्यायालयाने मान्य केले आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असे सांगितले. (त्याच निकालाने पावसाळ्यानंतर त्यांना हटवण्याची मुभाही दिली, हा भाग सहसा कोणी सांगत नाही.)

दुसरे कारण निवाऱ्यांच्या नियमांत असते, आणि इथे चूक आमची होती. आमचे फाटक रात्री दहाला बंद होत असे. लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून किंवा भांडी घासायला जाणारे कितीतरी जण बेघर असतात. त्यांचे काम संपायलाच रात्रीचा एक वाजतो. दोन-तीनदा फाटकाबाहेर बसून रात्र काढल्यावर ती मुले पुन्हा आली नाहीत आणि आम्ही वरिष्ठांना कळवले की, लाभार्थी उपस्थित राहत नाहीत. वेळ बदलायला आम्हाला दीड वर्ष लागले.

आपल्या समोरच्या जोडप्याबद्दल मात्र माझा पहिला संशय वेगळा आहे. पुरुष, महिला, कुटुंबे आणि विशेष गरजा असलेल्या व्यक्ती अशा प्रत्येकासाठी निवारे असावेत असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, परंतु कुटुंबांना एकत्र ठेवणारे निवारे फार थोडे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी नवऱ्याला एका दालनात व बायकोला दुसऱ्या दालनात झोपावे लागते. आमच्याकडे एक आजी-आजोबा आले होते. आजोबांना दमा होता. आजी रात्रीतून तीन-चार वेळा उठून पुरुषांच्या दालनाच्या जाळीपाशी येत आणि हळूच विचारत, “अहो, झोप लागली का?” बाकीचे वैतागले, काळजीवाहकाने त्यांना समजावून परत पाठवले, आणि पाचव्या दिवशी ती दोघे निघून गेली.

भीतीचाही भाग आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याच्या व्याख्येनुसार उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी भटकणे हेसुद्धा भीक मागण्यातच मोडते. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद त्यात आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील अशी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे मात्र ज्याने एकदा भिक्षेकऱ्यांना धरून नेणारी गाडी पाहिली आहे तो निवाऱ्याची गाडी आली तरी पळतो. रात्री अकराला टॉर्चचा झोत तोंडावर मारून “चला, चांगल्या जागी नेतो” म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर आपण तरी गेलो असतो का?

शिवाय निवारे पुरेसे आहेत अशीही स्थिती नाही. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यांना बजावले, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी किमान ५० चौरस फूट जागेचे माप ठरले. लाखामागे एक या हिशेबाने एकट्या मुंबईला १२० हून अधिक निवारे लागतात, आणि शहर त्या आकड्याच्या जवळपासही नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २ लाख ११ हजार बेघर मोजले गेले. ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली, त्यामुळे त्या रात्री लग्नाच्या हॉलवर भांडी घासणारे किती जण तिच्यात आले असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

इतके सांगूनही निवारा मला महत्त्वाचा वाटतो, तो गादी-पांघरुणापेक्षा पत्त्यासाठी. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला आधार नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. आधारनंतर बँकेचे खाते, रेशन कार्ड, सरकारी रुग्णालयातील योजना अशी एकेक गाठ सुटत जाते. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी किमान पंधरा वर्षांचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते, आणि ज्याला पंधरा वर्षे घरच नव्हते त्याने ते कसे दाखवायचे, यावर आमचे निम्मे दिवस तलाठी कार्यालयात जात. आमच्या सहा वर्षांत जे थोडे लोक भाड्याच्या खोलीत गेले, त्यांतील बहुतेकांच्या हातात आधी कागद आले होते.

आता आपण काय करावे, याविषयी. त्या जोडप्याला तिसऱ्यांदा निवाऱ्याबद्दल सांगण्यापूर्वी स्वतः एकदा संध्याकाळी तिथे जाऊन या: नवरा-बायकोला एकत्र ठेवतात का, फाटक किती वाजता बंद होते, सामानाला कुलपाची जागा आहे का, स्वच्छतागृह रात्री उघडे असते का आणि गाद्यांत ढेकूण आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. ही माहिती महापालिकेच्या समाज विकास विभागातही मिळते, परंतु ढेकणांबद्दल तिथे कोणी सांगणार नाही. नंतर त्यांच्या ओट्यावर बसून ते सकाळी कुठे कामाला जातात ते विचारा. निवारा त्यांच्या दिवसात बसत असेल तर एक रात्र राहून पाहा, असे सुचवा. बसत नसेल तर आग्रह सोडा.

ओट्यावर राहूनही पुष्कळ काही होऊ शकते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर सल्ला मिळतो आणि तब्येत अचानक बिघडली तर १०८ ची रुग्णवाहिका येते. मतदार नोंदणीसाठी बेघर व्यक्तीला पत्त्याचा कागद लागत नाही: नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन ती व्यक्ती खरोखर तिथेच झोपते का, ते पाहून जातो. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे; हे काम सोपवलेले एक शिक्षक रात्री साडेदहाला आले, त्यांना आमच्या पुलाखालच्या मंडळींनी चहा पाजला होता.

आणि एक काम आजच करता येईल. त्यांच्याजवळ जे काही कागद असतील, मग ते जुने रेशन कार्ड असो, दवाखान्याचा केस पेपर असो की गावच्या शाळेचा दाखला, त्यांच्या परवानगीने त्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांना द्या आणि दुसरा आपल्या घरी ठेवा. अतिक्रमणाच्या गाडीत बोचके एकदा गेले की त्यातले कागद परत मिळालेले मी सहा वर्षांत पाहिले नाहीत.